कोण राहिलं पाण्यात?

सरांना आम्ही सर म्हणायचो, कारण दुसरं काय म्हणावं ते कुणालाच सुचलं नव्हतं. कुठल्या शाळेत त्यांनी शिकवलेलं नव्हतं. कोराडीच्या वीज केंद्रात बॉयलरवर नोकरी करून ते निवृत्त झाले होते आणि तिथल्या वसाहतीजवळच दोन खोल्यांत एकटे राहत होते. मूळचे उमरेडचे, कोष्टी. घरी हातमाग होता. खड्ड्यात पाय सोडून दिवसभर मागाच्या पायपट्ट्या चालवणारा बाप त्यांनी लहानपणी पाहिला होता, आणि सायकल कशी मारावी हे ते आम्हाला त्या बापाच्या पायांवरून शिकवायचे. "दाबाले सगळेच दाबतात," ते म्हणायचे, "माहा बाप पाय उचले कसा, ते पाहाले पाहिजे होतं तुमी."

आम्ही म्हणजे नागपुरातली बारा-तेरा हौशी माणसं. ट्रायथलॉनच्या खुळानं आम्हाला धरलं होतं. आधी तलावात पोहायचं, ओल्या अंगानं तसंच सायकलवर बसायचं, सायकल टाकली की पळत सुटायचं, आणि हे सगळं एका दमात. मी सदर भागातल्या एका विमा कचेरीत काउंटरवर बसते. चाळिशीत गुडघे कुरकुरायला लागले, कुणीतरी पोहायला सांगितलं, आणि पोहता पोहता मी या टोळीत कशी शिरले ते मलाही कळलं नाही.

उमरेड रस्त्यावरच्या मालगुजारांनी, म्हणजे जुन्या जमीनदारांनी, बांधलेल्या एका तलावात आम्ही रविवारी पोहायचो. एका रविवारी काठावर एक माणूस स्कूटरला टेकून तासभर आमच्याकडे बघत उभा होता. डोक्यावर कारखान्यातलं पिवळं हेल्मेट. आम्ही बाहेर आलो तसा तो सरळ आमच्या डॉक्टरांकडे गेला. डॉक्टर म्हणजे आमच्यातले सगळ्यात वेगवान, दातांचा दवाखाना चालवणारे, आणि स्वभावानं जरा तापट.

"तुमी श्वास घ्याले मुंडकं उजवीकडूनच काहून काढता?"

"सवय आहे," डॉक्टर म्हणाले.

"सवय काहून लागली?"

"लागली. लहानपणापासून आहे."

"लहानपणी काहून लागली?"

डॉक्टर चिडले, टॉवेल झटकून गाडीकडे गेले. पण अर्ध्या वाटेवरून परत आले. लहानपणी त्यांचा डावा कान फुटला होता आणि त्यात पाणी जाऊ द्यायचं नाही म्हणून आई ओरडायची, हे त्यांना तीस-पस्तीस वर्षांनी आत्ता आठवलं होतं. कान केव्हाच बरा झाला होता. महिन्याभरात डॉक्टर दोन्ही बाजूंनी श्वास घ्यायला लागले आणि आम्हाला सर मिळाले.

सरांना कशाबद्दलही प्रश्न पडायचे, आणि एकदा पडला की तो सुटेपर्यंत त्यांना दुसरं काही दिसायचं नाही. त्यावर त्यांचं एकच औषध होतं, "जाऊन पाहू." आमच्यातल्या कुणीतरी तक्रार केली की कन्हानच्या पुलावर जाताना वारा आडवा येतो आणि परत येतानाही आडवाच येतो. सर लागोपाठ चार सकाळी त्या पुलावर हातात रुमाल धरून उभे राहिले. चौथ्या दिवशी येऊन सांगितलं, "वारा एकाच बाजूचा आहे. परत येताना तुमी थकलेले राहता." घड्याळ ते वापरत नसत. कोराडी रस्त्यावर सराव असला की कोळशाच्या ट्रकांवर हिशेब चाले. सहा ट्रक समोरून जाईपर्यंत जोरात, मग दोन ट्रक दमानं. ट्रक आलेच नाहीत तर? तर जोरातच.

या स्वभावापायी त्यांनी माणसंही दुखावली होती. भाचीचं लग्न ठरत होतं तेव्हा सरांनी मुलाच्या बापाला त्याच्या धंद्याबद्दल इतके प्रश्न विचारले, की ती मंडळी चहा टाकून उठून गेली. बहीण दोन वर्षं बोलली नाही. हे सांगताना सर हसत नसत. "मी वाईट काही बोललोच नाई," एवढंच म्हणत. त्यात दुखावण्यासारखं काय होतं, ते त्यांना खरंच कळलेलं नव्हतं.

आता शर्यतीचं सांगते. आमच्या भागातली मोठी ट्रायथलॉन एकच कंपनी भरवते. तिचं नाव मी घेत नाही. इतर शहरांतल्या मोठ्या शर्यतीही तिच्याच. परदेशातल्या नावाजलेल्या शर्यतीत जायचं तर आधी हिची एक पूर्ण केलेली हवी. त्यामुळे कुरकुर सगळे करायचे आणि नाव नोंदवायलाही सगळेच धावायचे. कधी सायकलचा रस्ता अर्धा खोदलेला, कधी पळताना प्यायला पाणी संपलेलं. कंपनीला पत्र लिहिलं की दोन ओळींचं गोड उत्तर यायचं, प्रत्येकाला तेच.

त्या वर्षी मात्र निराळं घडलं. मी पोहण्याच्या मधल्या टप्प्यावर होते. शेजारी एक बाई पोहत होती, तिच्या पायांत एकदम गोळे आले. डोळे पांढरे करून तिनं माझा हात धरला. मी तिला ओढत, वाट दाखवायला सोडलेल्या तरंगत्या पिंपापर्यंत नेलं आणि दोघी त्याला लटकलो. हात वर करून मी ओरडत होते. बचावाच्या दोन बोटी होत्या, दोन्ही पार पुढे, पहिल्या पोहणाऱ्यांबरोबर. दहा-पंधरा मिनिटांनी तिचे पाय सुटले, मग आम्ही हळूहळू काठाला लागलो. तिथे आम्हाला सांगण्यात आलं की वेळ संपली, तुम्ही बाद. बस्स. काय झालं होतं, ते कुणी विचारलं नाही.

पुढच्या शर्यतीची नोंदणी सुरू झाली तेव्हा डॉक्टरांनी सगळ्यांना आपल्या दवाखान्यात बोलावलं. दुपारी बंद असलेल्या त्या खोलीत आम्ही दात तपासायच्या खुर्चीच्या भोवती बसलो. डॉक्टर म्हणाले, "यंदा कोणीच जायचं नाही. पूर्ण बहिष्कार. बाकीच्या शहरांतल्या लोकांशीही मी बोलतो आहे. स्पर्धकच नसले तर कंपनी काय दगडांना पळवणार?"

मी लगेच हात वर केला. माझा राग अजून ताजा होता.

रेश्मानं केला नाही. रेश्मा आमच्यात सगळ्यात लहान, पंचविशीची. कामठीहून रोज बसनं येऊन एका प्रयोगशाळेत काम करायची. सायकलवर ती आम्हा सगळ्यांना मागे टाकायची. पोहता मात्र तिला अजिबात येत नव्हतं, म्हणून शर्यतीत ती तिघांच्या संघातून नुसती सायकल चालवायची. सदरच्या एका सायकल दुकानदारानं तिची चाल बघून तिला शर्यतीची चांगली सायकल वापरायला दिली होती. अट एवढीच, की मोठ्या शर्यतीत दुकानाचं नाव अंगावर घालून उतरायचं.

"मी नाई गेली तर ते सायकल वापस मागतीन," ती म्हणाली. "तुमच्या सायकली तुमच्या सोताच्या आहेत, डॉक्टरसाहेब."

यावर खोलीत बराच आवाज झाला. कुणी म्हणालं, त्याग करावा लागतो. कुणी म्हणालं, दुसऱ्याच्या त्यागावर बोलणं सोपं असतं. सर दारापाशी उभे राहून ऐकत होते. आवाज जरा बसला तेव्हा त्यांनी विचारलं, "ताईसंग ज्या बाई होत्या पिंपाले लटकून, त्यायले इचारलं काय कोणी, बहिष्कार घालाचा का नाई ते?"

कुणीच विचारलेलं नव्हतं. मीसुद्धा नाही. त्यांचं नाव सुनंदा आणि त्या वर्ध्याच्या शाळेत खेळ शिकवतात, एवढंच मला ठाऊक होतं. मीटिंग तशीच उठली.

"जाऊन पाहू," सर म्हणाले. पुढच्या रविवारी आम्ही दोघं बसनं वर्ध्याला गेलो.

सुनंदाताईंनी आम्हाला पोहे खाऊ घातले आणि सर विचारायच्या आतच सांगून टाकलं, "मी नाव नोंदवलं आहे."

"काहून?" सरांनी विचारलं. तो त्यांचा नेहमीचा काहून नव्हता. ते पुढे झुकून बसले होते.

"मला आता विहिरीत वाकून बघतानाही पाय थरथरतात, सर. शाळेतल्या मुलींना पोहायला न्यायचं तर मी काठावर उभी राहून शिट्टी वाजवते. जिथे भीती शिरली तिथेच जाऊन ती टाकून यायची आहे मला. त्यांचा राग मलाही आहे. पण मी घरी बसले तर त्यांना काय फरक पडणार? भीती माझ्याजवळच राहील."

परतीच्या बसमध्ये सर खिडकीबाहेर बघत होते. बुटीबोरी आली तेव्हा म्हणाले, "डॉक्टर म्हणते ते बरोबर आहे. रेश्मा म्हणते तेही बरोबर आहे. या बाईचं तर लयच बरोबर आहे. मंग आता?"

मी म्हटलं, "तुम्हीच सांगा."

"मी काय सांगू? मी तर त्यायची रेस कधी पाहिलीच नाई."

तेव्हा अडुसष्टाव्या वर्षी सरांनी पहिल्यांदा शर्यतीत नाव घातलं. तिघांचा मिळून एक संघ उतरवता येतो. पोहायचं सरांनी, सायकल रेश्मानं चालवायची, पळायचं मी. रेश्माचा दुकानदाराला दिलेला शब्द राहणार होता. डॉक्टर माझ्यावर चिडले. हात वर करून मग मागच्या दारानं जाता, म्हणाले. पण सरांना त्या पाण्यात काय दिसतं, ते मला बघायचं होतं.

शर्यतीच्या सकाळी तलावाच्या काठावर जत्रा भरली होती. सर पिवळं हेल्मेट घालूनच पाण्यापर्यंत गेले, तिथे ते काढून माझ्या हातात दिलं. मग माइक धरलेल्या आयोजकांच्या माणसाकडे गेले.

"पाण्यात किती उतरले, किती निघाले, कोण मोजते?"

"काका, पायाला चिप बांधली आहे ना? ती मोजते."

"अन चिप निघालीच नाई बाहेर तर?"

"तर त्या स्पर्धकानं शर्यत सोडली असं धरतात."

"अन माणूस?"

"काका, तुम्ही निवांत पोहा," तो हसून म्हणाला आणि पुढचं नाव पुकारायला लागला.

सर पाण्यात उतरले. त्यांचे हात मला पहिल्या पिंपापर्यंत दिसत होते, मग गर्दीत मिसळले.

अर्ध्या तासात ते यायला हवे होते. सायकली लावल्या होत्या तिथे रेश्मा हेल्मेट घालून, दुकानाचं नाव छापलेला टी-शर्ट घालून, एका पायावरून दुसऱ्या पायावर होत उभी होती. दुकानदार फोन वर धरून तिचा व्हिडिओ काढायला तयार होता. एकेक संघ निघून गेला. पाऊण तास झाला. सुनंदाताई पाण्यातून बाहेर आल्या, त्यांचा चेहरा एवढा फुलला होता की मला रडू यायला लागलं. आम्हाला बघून त्या थांबल्या.

"सर कुठे आहेत?"

"आले नाहीत."

त्यांची सायकल दहा पावलांवर होती. त्यांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. आम्ही दोघी पाण्याकडे धावलो.

पाणी रिकामं होतं. एक बोट काठाला लागलेली, दुसरीची दोरी खुंटीला बांधणं चाललं होतं. मी माइकवाल्याकडे धावले. "आमचे सर बाहेर आले नाहीत. अडुसष्ट वर्षांचे आहेत. बोट पाठवा."

"कुठूनतरी निघून गेले असतील, मॅडम. पुष्कळ जण सोडतात. चहाच्या तंबूत बघा."

मी चहाच्या तंबूत बघितलं, संडासापाशी बघितलं. परत येऊन त्याच्यावर ओरडले, त्याचा माइक ओढला. तो म्हणाला, बक्षीस देणारे पाहुणे पोचतायत, दोन मिनिटं द्या. मागे वळून बघते तर रेश्मा सायकलचे बूट, हेल्मेट, सगळ्यासकट पाण्यात शिरली होती. पोहता न येणारी ती मुलगी कमरेएवढ्या पाण्यात उभी राहून "सर! ओ सर!" म्हणून हाका मारत होती, आणि आणखी पुढे जाऊ नये म्हणून सुनंदाताईंनी मागून तिला कवेत धरलं होतं. माझ्या हातात ते पिवळं हेल्मेट होतं आणि ते कुणाकडे द्यावं, तेवढाच विचार माझ्या डोक्यात येत होता.

समोरच्या काठावर बाभळी होत्या. तिथून कुणीतरी उठलं, धावत पाण्यात शिरलं आणि आमच्या दिशेनं पोहायला लागलं. जोरात, डोकं वर काढून. जवळ आल्यावर मी ओळखलं.

सर धापा टाकत उभे राहिले. डोळे लाल झाले होते. त्यांनी आमच्या तिघींकडे बघितलं आणि विचारलं, "कोण राहिलं? कोण राहिलं पाण्यात?"

रेश्मा म्हणाली, "तुमी."

त्यांनी वळून पाण्याकडे बघितलं, जसं काही खरंच तिथे कुणी असेल. मग त्यांच्या ध्यानात आलं.

झालं होतं ते असं. पहिल्या पिंपापासून सर मुद्दाम बाजूला वळले होते आणि पलीकडच्या काठावर जाऊन बाभळीखाली बसले होते. एक माणूस बाहेर आला नाही तर किती वेळानं शोध सुरू होतो, ते त्यांना बघायचं होतं. तासाच्या वर वेळ गेला तरी तो सुरू झाला नाही. बोटी बांधताना त्यांनी पाहिल्या. मग काठावर तीन बाया धावताना, रडताना दिसल्या, आणि त्यांना वाटलं कुणीतरी खरंच बुडालं. म्हणून ते शोधायला निघाले होते.

रेश्मानं पायातून बूट काढले, त्यातलं पाणी ओतलं. आमची शर्यत संपली होती. दुकानदार केव्हाच फोन खिशात घालून निघून गेला होता. ती सरांना म्हणाली, "माही रेस गेली," आणि सायकल हातात धरून अनवाणी चालत गेली.

पुढचं सगळं भराभर झालं. ही हकिगत डॉक्टरांनी शहराशहरांतल्या स्पर्धकांपर्यंत पोचवली. अडुसष्ट वर्षांचा माणूस तासभर पाण्यातून परत आला नाही आणि बोटी बांधल्या गेल्या, हे वाचून जे आधी कुंपणावर होते त्यांनीही बहिष्काराच्या पत्रावर सह्या केल्या. मीही केली. कंपनीनं सरांवर कायमची बंदी घातली. स्वतःचा आणि इतरांचा जीव धोक्यात घातला असं कारण दिलं. पुढच्या वर्षी सायकलींच्या रांगा अर्ध्याअधिक रिकाम्या होत्या, असं जाऊन आलेल्या सुनंदाताई म्हणाल्या. पण बोटी आठ होत्या, आणि पाण्यातून निघायच्या जागी दोन माणसं हातात यादी घेऊन प्रत्येकाचं नाव पुकारून खूण करत होती.

डॉक्टर म्हणतात, बहिष्कारानं हे घडवलं. सुनंदाताईंना वाटतं, त्या दिवशी तिथे कुणी गेलंच नसतं तर बोटींचं कुणाला कळलं असतं? मी सरांना विचारलं तेव्हा ते खरोखर कष्टी झाले. "दोन्ही गोष्टी संगच झाल्या न, ताई. आता येगळ्या करून कशा पाहाच्या?" आता ते उमरेडला पुतण्याकडे असतात. अजूनही फोनवर मध्येच विचारतात, तुमाले काय वाटते, कशानं झालं? मी त्याच्या पुढच्या वर्षी पुन्हा शर्यतीत उतरले, आणि मलाही नक्की सांगता येत नाही.

पण हे झालं नंतरचं. शर्यतीनंतर तीन आठवडे मी त्यांच्याशी बोलत नव्हते. एक दिवस ते आमच्या कचेरीत आले. रांगेत उभे राहिले, नंबर आला तसे माझ्या काउंटरसमोर आले. काही कागद नाही, काही नाही.

"मी त्या कंपनीवाल्यायलेच पाहून राहिलो होतो," ते म्हणाले. "तुमाले पाहाचं राहूनच गेलं."

मागच्या माणसानं घाई केली. सर बाजूला झाले आणि निघून गेले. पुढच्या रविवारी मी तलावावर गेले.

रेश्मा आली नाही. दुकानदारानं सायकल परत मागितली नव्हती. सर स्वतः त्याच्या दुकानात जाऊन तासभर बसले होते, काय बोलले देव जाणे. रेश्माला ते समजलं असावं, तरी तिचा राग गेला नाही. कोराडी रस्त्यावर सर तिच्या सरावाच्या वळणावर उभे राहायचे आणि ती त्यांच्यासमोरून खाली मान घालून निघून जायची. दीड महिना हे चाललं.

मग एका रविवारी आम्ही पोहून कपडे बदलत होतो, तेव्हा उमरेड रस्त्याकडून ती सायकलवर आली. सायकल बांधावर आडवी टाकून खाली उतरली. आम्हा कुणाकडे न बघता सरांसमोर उभी राहिली.

"मले पोहाले शिकवा."

सरांनी मान वर केली.

"मले तिन्ही सोताच कराचं आहे," ती म्हणाली. "पुन्हा कोणाची वाट पाहाची नाई मले."

सर उठले. त्यांनी चपला काढल्या आणि अंगातल्या सदऱ्या-पँटसकट पाण्यात चालत गेले, छातीपर्यंत. तिथे वळून त्यांनी दोन्ही हात पुढे केले, पाण्याच्या खाली, तळवे वर करून.

"ये. पाठीवर झोप."

रेश्मा काठावर उभी होती. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मला मागून दिसत नव्हतं. डॉक्टर काहीतरी बोलायला गेले, मी त्यांचा दंड धरला. सर हात तसेच धरून थांबले होते.

मग ती पाण्यात गेली, त्यांच्यापाशी पोचली, आणि डोळे मिटून हळूच मागे रेलली.